कव्हरवाले घरत

घरतांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मला बेल सापडेना. दाराच्या उजव्या हाताला जिथे बेल असायला हवी, तिथे निळ्या मखमलीचा एक चौकोन चिकटवलेला होता. कडेने पिवळी पायपिंग आणि मधोमध दोऱ्याने भरलेलं, 'दाबा'. मला वाटलं, यांच्याकडे काही देवाधर्माचं असेल, उगाच हात कशाला लावा? मी आपली कडी वाजवली. दार उघडून हा माणूस मला म्हणतो, "वैनी, बेल हाय की! आत हाय. कव्हर वर करायचं. नाय तर वरूनच दाबा, तरी वाजते."

बेलला कव्हर! आता मला सांगा, बेलला काय थंडी वाजते?

मी आत गेले आणि मग माझ्या लक्षात आलं की बेल ही नुसती सुरुवात होती. फ्रीजच्या हँडलला कव्हर. ते आपल्या सगळ्यांकडेच असतं, म्हणून मी काही बोलले नाही. मिक्सरला कव्हर, हेही ठीक. पण पाण्याच्या फिल्टरला झबलं? गॅसच्या सिलेंडरला चुण्यांचा परकर? झाडूला मोजा? शिलाई मशीनला एक जाड कव्हर होतं आणि त्या कव्हरवर धूळ बसू नये म्हणून दुसरं पातळ कव्हर. टीपॉयवर रिमोट होता, तो प्लास्टिकमध्ये, ते प्लास्टिक कापडी पिशवीत आणि पिशवीला नाडी. यांच्या घरी चॅनल बदलायचं म्हणजे आधी गाठ सोडायची. तोवर मालिका संपते.

हे घरत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. नव्या पनवेलच्या खांदा कॉलनीत त्यांना कुणी नावाने ओळखत नाही. 'कव्हरवाले घरत' म्हटलं की भाजीवालासुद्धा बोट दाखवतो. मूळचे उरणकडच्या गावचे. जन्मभर द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर होते. काम काय, तर आलेल्या मालावर ताडपत्री नीट घातली आहे की नाही ते बघायचं. एकदा म्हणे कुठल्या तरी मालाची ताडपत्री वाऱ्याने सरकली, पावसात सगळे पंखे भिजले आणि साहेबाने यांना चार लोकांत झापलं. झालं! त्या दिवसापासून या माणसाच्या डोक्यात एकच वाक्य बसलं, "उघडं राह्यलं का गेलं!"

हे वाक्य ते कुठेही टाकतात. जवळच्या कोन गावात आमच्या ओळखीत एक लग्न होतं. जेवणाच्या रांगेत मी उभी, पुढे घरत. श्रीखंडाच्या पातेल्यावर झाकण नाही हे यांना दिसलं मात्र, रांग सोडून हे टेबलाच्या पलीकडे गेले आणि झाकण घालून तिथेच राखणीला उभे राहिले. लोकांना वाटलं केटररचा माणूस. कोणी पापड मागितला, कोणी गरम पुरी. या गृहस्थांनी सगळ्यांना वाढलं, आणि प्रत्येक वेळी झाकण काढून परत घातलं. स्वतः जेवले ते शेवटी, कार्यालयाचे दिवे मालवायला लागले तेव्हा.

रिटायर झाल्यावर माणसं गावी जातात, भजनाला जातात, नातवंडं खेळवतात. यांनी शिलाई मशीन घेतलं. गळ्यात कायम टेप. जुन्या पनवेलच्या बाजारातून कटपीसचे गठ्ठे आणायचे आणि दिसेल त्या वस्तूला झाकायचं. मी एकदा साधं विचारलं, "घरतभाऊ, एवढं मशीन चालवताच, तर माझे दोन ब्लाउज शिवून द्या की." तर अगदी गंभीर होऊन म्हणाले, "माणसांचं नाय शिवत वैनी. माणसं फुगतात, वाळतात. वस्तू शब्दाला पक्की. एकदा माप घेतलं का झालं!" म्हणजे मी फुगते, हे त्यांनी मला माझ्याच दारात सांगितलं.

त्यांची बायको हिराकाकी मात्र या माणसाच्या अगदी उलट. माहेर करंजाचं, समुद्रावरचं. आवाज असा की ती जिन्यात बोलली तरी आम्हाला आमच्या स्वयंपाकघरात तिच्या भाजीत किती मीठ पडलंय ते कळायचं. माझ्याशी बोलताना सुरुवात "अगं बाय" ने, आणि नवऱ्याशी बोलताना "अवो, आवरा!" ने. आवरा म्हणणं चुकीचंही नव्हतं. रविवारी सकाळी दोघं स्कूटरवरून करंजाला जायची. आता स्कूटर म्हणजे तिच्यावर आलंच कव्हर, चारी बाजूंनी नाड्या, आरशांना वेगळ्या टोप्या, सीटला वेगळं. ते सगळं सोडून, घड्या घालून, डिकीत ठेवून स्कूटर सुरू होईपर्यंत हिराकाकी फाटकाशी पिशवी घेऊन उभी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "स्कूटर नाय बाय, नवरी हाय ती. तिचा साज उतरवताय."

मग ती मागे बसायची. उजव्या हाताने मांडीवरची पिशवी आणि डाव्या हाताने घरतांचा शर्ट. कमरेशी मूठभर शर्ट घट्ट धरायचा आणि म्हणायचं, "चला." तिने 'चला' म्हटल्याशिवाय घरत गिअर टाकत नसत. दुपारी बोंबील नाही तर कोलंबी घेऊन परत यायची, तेव्हा घरतांचा इस्त्रीचा शर्ट डावीकडे कमरेशी पार चुरगळलेला असायचा. त्यावरून यांची जिन्यात दर रविवारची कुरकुर. "एक शर्ट धड ठेवत नाय वैनी ही. लोकांना वाटतं, मारामारी करून आलो." एकदा तर या माणसाने स्कूटरला मागे धरायला लोखंडी हँडल बसवून घेतलं, आणि अर्थात त्याला मऊ कव्हर शिवलं. हिराकाकीने एकदासुद्धा ते हँडल धरलं नाही. तिची मूठ आपली शर्टावरच.

आता माझ्या ट्रेडमिलचं सांगते. आमच्या ह्यांची शुगर वाढली म्हणून मुलीने हौसेने ट्रेडमिल पाठवली. पहिला आठवडा हे तिच्यावर चालले. दुसऱ्या आठवड्यापासून तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. आमच्या घरातली गोष्ट, आमचं आम्ही बघू. पण घरत एक दिवस वाटीभर सुकट द्यायला आले आणि ट्रेडमिल पाहून दारातच थबकले. "वैनी, ही अशीच उघडी?" जणू मी पोरालाच नागडं ठेवलंय. मी नको नको म्हणेपर्यंत टेप गळ्यातून निघाला होता. चार दिवसांनी कव्हर हजर. नवरात्राच्या मांडवाचं उरलेलं लाल-पिवळं कापड, खाली झालर, पाणी ठेवायला खिसा, टॉवेल अडकवायला पट्टी. माझ्या हॉलमध्ये कोणी तरी सत्यनारायण मांडून ठेवल्यासारखं दिसायला लागलं. पाहुणे आले की आधी हात जोडायचे. आमचे हे मात्र खूश. कव्हर एवढं नाड्यांनी बांधलेलं की रोज सोडत कोण बसणार, म्हणून यांचा व्यायाम कायमचा सुटला.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं आणि फाल्गुनात हिराकाकीला झटका आला. डावी बाजू गेली. जीव वाचला, पाय हळूहळू हलायला लागला, बोलणं थोडं अडखळत पण परत आलं. हात मात्र नाही. डावा हात नुसता मांडीवर पडून असायचा. फिजिओथेरपीची मुलगी घरी यायची, ती म्हणाली, सायकल मारायला लावा. जागच्या जागी मारायची, व्यायामाची सायकल. पाय सुधारतील, तोल सुधारेल आणि मूठ धरायची सवय लागली तर हातही जागा होईल. पण दोन्ही मुठी धरल्या पाहिजेत, नाही तर काकी डावीकडे कलंडतील. रोज बसवा, आळस नको. एवढं तिने मला आणि घरतांना समोर बसवून सांगितलं.

त्यांचा मुलगा महेश बंगळुरूला असतो. त्याने ताबडतोब सायकल मागवून दिली. खोकं आलं. दुसऱ्या कोणीही ती आधी जोडली असती, बायकोला बसवलं असतं. घरतांनी काय केलं असेल? माप घेतलं! मी सकाळी डबा द्यायला गेले तर हे जमिनीवर पालथे पडून पेडलचा घेर मोजतायत. सायकल उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर रजईसारखं जाडजूड कव्हर चढलं. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक तसंच. का? तर खराब होईल. हिराकाकीने ती सायकल पहिल्यांदा पाहिली ती कव्हरातच. पलंगावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, कोन पाव्हना आलाय गं?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "घरतभाऊ, सायकल वापरायला आणलीय की पूजेला?" तर म्हणे, "वापरायचीच हाय. पन कोकणातली हवा हाय वैनी. गंज पकडतो. उघडं राह्यलं का..." मी दार आपटून घरी आले.

आणि त्याच काळात मला या माणसाचा खरा संताप यायला लागला, तो वेगळ्याच गोष्टीने. बायको अंथरुणावर, घरात पथ्याचा स्वयंपाक, औषधांचं वेळापत्रक, आणि हे गृहस्थ एकदम टापटीप! रोज कडक इस्त्रीचा शर्ट. पुढून सपाट, मागून सपाट, कुठे एक सुरकुती नाही. इतकी वर्षं चुरगळलेला फिरणारा माणूस आता एखाद्या दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसायला लागला. मी आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, "बघा, बायको पडली आणि याच्या इस्त्रीला भरती आली."

पुढचं रामायण मुठीचं. सायकलवर बसवलं की उजवा हात मूठ धरायचा आणि डावा घसरून खाली. सायकलच्या मुठी काळ्या, कडक रबराच्या. घरतांनी ठरवलं, मूठ मऊ हवी. म्हणून त्यांनी डाव्या मुठीला खोळ शिवली. कशाची? सॅटिनची! का, तर हिराला मऊ लागावं. गुलाबी सॅटिन. हात आधी घसरत होता, आता लोण्यावरून घसरावा तसा घसरायला लागला. मग त्यांनी कॉर्डरॉयची शिवली, मग आत फोम घातलेली, मग टॉवेलच्या कापडाची. एकेका खोळीला कडेने पायपिंग आणि लाल टीप. हिराकाकी हात उचलायचा प्रयत्नच करेना. "ती नाय धरत," एवढंच म्हणायची. 'ती' म्हणजे तिची स्वतःची मूठ.

शेवटी तिला सायकलवर बसवायला गेलं की ती मान फिरवायला लागली. फिजिओची मुलगीही जरा नाराज झाली. महेशचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते, फोन स्पीकरवर होता. मुलगा वाईट नाही, मी त्याला शाळेत असल्यापासून ओळखते. तो म्हणाला, "बाबा, तुमच्याने होत नाहीये. आमच्या इथे एक सेंटर आहे, तिथे राहून उपचार होतात. गणपतीच्या आधी मी येतो. तोपर्यंत आई सायकल मारत असेल तर ठीक, नाही तर मी तिला घेऊन जातो. तिथे फक्त पेशंट राहतो. तुम्ही आमच्या घरी राहा, रविवारी भेटायला नेतो."

फोन ठेवल्यावर हिराकाकी भिंतीकडे बघत म्हणाली, "मी नाय जायाची. तिथं मला कोन वळखतं? माझं बोलनं कुनाला कलल?" आणि मग, "आनि रविवारीच भेटायचं व्हय?"

घरतांनी मशीनवरची दोन्ही कव्हरं काढली आणि शिवायला बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, बायको समोर रडतेय, तिच्याजवळ बसा, हात धरा! नाही. हे आपले सुईत दोरा ओवतायत.

गणपतीच्या आधी महेश आला. त्याने मला मुद्दाम बोलावलं, "काकू, तुम्ही समोर असलात तर आई जरा ऐकेल." मी गेले. बेलचं कव्हर वर न करता वरूनच दाबली.

घरतांचा शेवटचा शोध तयार होता. हातमोजा. पण साधा नाही, त्याला मनगटाशी पट्टा, बोटांवरून दुसरा पट्टा. हात मोज्यात घालायचा, मोजा मुठीवर ठेवायचा आणि दोन्ही पट्टे चिकटपट्टीने करकचून बंद करायचे. हात सुटूच नये अशी सोय. वर निळ्या दोऱ्याने 'हिरा' असं भरलेलं. महेशने आणि मी मिळून काकीला सायकलवर बसवलं. घरतांनी खाली वाकून मोजा चढवला, पट्टे आवळले आणि मागे सरकून बघायला लागले, गोदामात मालाची गाठ बघतात तसे.

हिराकाकीने मोज्याकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. आणि मग झटक्यानंतर पहिल्यांदाच तिचा तो जुना आवाज निघाला, जिन्यापर्यंत जाणारा.

"मला पन कव्हर? मी काय मिक्सर हाय?"

उजव्या हाताने तिने एक पट्टा उचकटला, दुसरा दातांनी ओढला आणि मोजा भिरकावून दिला. तो जाऊन पडला फिल्टरच्या झबल्यावर. मग ती रडायला लागली. महेशचेही डोळे भरले. तो म्हणाला, "बाबा, बास आता. पुरे झाले प्रयोग. आपण परवा निघतोय."

आता या क्षणी कोणताही शहाणा माणूस काय करेल? पोराला विनवेल, बायकोला जवळ घेईल, निदान खुर्चीत बसेल. घरत उठले, कोपऱ्यात गेले आणि सायकलचं ते रजईसारखं कव्हर घेऊन आले. बायको अजून सायकलवर बसलेली आहे, ती परवा घर सोडून चालली आहे आणि हा माणूस सायकल झाकायला निघालाय! तिच्या डाव्या गुडघ्याच्या पुढे उभं राहून, तिच्याकडे पाठ करून, हे हँडलवरच्या आकड्यांच्या डबीवर कव्हराचं तोंड बसवायला लागले. कव्हर काही बसत नव्हतं. तोंडाने पुटपुटत होते, "उघडं राह्यलं का गेलं. उघडं राह्यलं का..." मी तोंड उघडलंच होतं. दोन शब्द असे ऐकवणार होते की जन्मभर आठवले असते.

आणि घरत पुटपुटायचे थांबले. अगदी ताठ उभे राहिले, पोलिसाने 'हलू नको' म्हटल्यासारखे. मी बघितलं. हिराकाकीचा डावा हात मांडीवर नव्हता. तो पुढे गेला होता आणि त्याने घरतांचा शर्ट कमरेशी धरला होता. घट्ट नाही, बोटं सगळी वळलीही नव्हती. पण धरला होता. तिला स्वतःलाही ते कळलेलं नव्हतं. ती पदराने डोळे पुसत होती, उजव्या हाताने.

महेश काही बोलायला गेला, मी त्याचं मनगट दाबलं. घरतांनी मान वळवली नाही. समोरच्या भिंतीकडे बघत, अगदी हळू, त्यांनी विचारलं, "हिरा, बसलीस का नीट?"

हिराकाकीने नाक ओढलं आणि म्हणाली, "चला."

आणि पेडल फिरलं.

महेश एकटाच बंगळुरूला परत गेला. जाताना म्हणाला, दिवाळीला परत बघू. फिजिओच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती हसली, म्हणाली, होतं असं, हाताला जुनी सवय सापडली. आता तीच वाढवा.

मोठं कौतुक! पण त्याचा त्रास कोणाला? मला! रोज सकाळी हे सायकलपुढे पाठ करून उभे राहणार. काकी शर्ट धरून सायकल मारणार. आणि तिकडे कुकर शिट्ट्या घालतोय, दूध उतू जातंय, दारावर इस्त्रीवाला बेल वाजवतोय. हे तिथून ओरडणार, "वैनी, गॅस!" कारण हलले तर मूठ सुटते. मी माझी पोळी तव्यावर सोडून यांचा गॅस बंद करायला धावायची. एकदा मी सरळ म्हटलं, "घरतभाऊ, मी तुमची मोलकरीण नाही. एवढे दर्जी म्हणवता, तर त्या मुठीलाच तुमचा शर्ट शिवून टाका ना!"

मी हे चिडून म्हटलं होतं. या माणसाने ते खरं धरलं.

गोदामातला त्यांचा एक जुना खाकी शर्ट होता, धुऊन धुऊन पांढुरका झालेला. त्याची डावी बाजू त्यांनी कापली आणि सायकलच्या मुठीवर खोळ म्हणून चढवली, खाली वीतभर कापड लोंबतं सोडून. मी बघायला गेले. ती खोळ म्हणजे घरतांच्या कारकिर्दीवरचा डाग आहे. पायपिंग नाही, अस्तर नाही, कडेला नीट टीपसुद्धा नाही. कच्चा धावदोरा घातलेला, वरून दोरे सुटलेले. फडकं दिसतं ते, भांडी पुसायचं. मी म्हटलं, "हे काय दळभद्री शिवलंय? तुम्ही बेलला मखमल लावता!" तर ओशाळून म्हणाले, "दुमडून टीप मारली ना, का कडक होतं. तिला कललं लगेच. सोडून दिलान. असंच पायजे तिला."

आणि हिराकाकीने ते फडकं धरलं. पहिल्या दिवशी थोडा वेळ, मग जास्त. आता तर मूठ अशी आवळते की फडकं सोडवावं लागतं. दिवाळीला महेश आला, आईला सायकल मारताना मोबाईलवर शूट केलं, सेंटरचा विषय कोणी काढला नाही. सायकलचं ते रजईचं कव्हर घरतांनी घडी घालून माझ्याकडे आणून दिलं. "वैनी, तुमच्या मशीनला वरून घाला. थंडीचं." आता माझी ट्रेडमिल दोन कव्हरांत आहे. आमच्या ह्यांचा आनंद विचारू नका.

म्हणजे आता सगळं मार्गी लागलं, नाही का? फडकं काम करतंय, घरत मोकळे. स्वयंपाक करा, बाजारात जा, आणि मला जरा चैन पडू द्या. परवा सकाळी मी त्यांची सुकटीची वाटी परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. आत कुकर शिट्ट्या घालत होता, एकामागून एक. मी आधी गॅस बंद केला आणि हॉलमध्ये आले.

हिराकाकी सायकलवर. उजवा हात मुठीवर, डावा त्या खाकी फडक्यावर. आणि सायकलच्या पुढ्यात घरतांनी स्वयंपाकघरातला लाकडी स्टूल मांडलेला. त्यावर हे बसलेले, काकीकडे पाठ करून, दोन्ही हात पुढे धरून, तोंड भिंतीकडे. तीच इस्त्री, तोच सपाट शर्ट.

"गव्हाण फाटा आला," करंजाच्या वाटेवर असल्यासारखे घरत म्हणाले.

"हलू घ्या. तिथं खड्डं हायत," हिराकाकी मागून म्हणाली.

"घेतलं. आता जासई."

मला राहवेना. मी म्हटलं, "अहो घरतभाऊ, कसला हा पोरखेळ! आता तिला तुमची गरज आहे का? ते फडकं धरते ना ती? उठा, आत्ता तुमचा कुकर करपला असता."

घरतांनी मान वळवली नाही. गाडी चालवताना ते कधीच वळवत नसत. म्हणाले, "तिला नाय वैनी. मला हाय." मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "ती पडली तवा होता, तसाच शर्ट परत नुसता सपाट हाय, फडकं शिवल्यापासून. रोज इस्त्री करून घालतो, का आज तरी चुरगळल. संध्याकाळी काढताना बघतो, तर तसाच. अंगात घालवत नाय."

मी उभी राहिले वाटी घेऊन.

हिराकाकीच्या कानावर ते गेलं की नाही, मला माहीत नाही. तिने पेडल मारायचं थांबवलं. डावा हात फडक्यावरून उचलला, अगदी सावकाश, जड पिशवी उचलावी तसा. मध्येच तो खाली आला. मी पुढे व्हायला गेले, तिने उजव्या हाताने मला थांबवलं. पुन्हा उचलला. पुढे सरकवला. आणि घरतांच्या शर्टाला कमरेशी हात घालून मूठभर कापड बोटांत गोळा केलं, चांगलं चुरगळेपर्यंत.

घरत हात पुढे धरून तसेच बसून राहिले. तिने सांगितल्याशिवाय ते कधी निघत नाहीत.

"चला," हिराकाकी म्हणाली.